डावा गाल गिऱ्हाइकाचा

आमच्या चक्कीवाल्या काकूंचा डावा गाल उजव्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होता. हे मी प्रेमापोटी फुगवून सांगते आहे असं ज्याला वाटेल, त्याने बुलडाण्याला आमच्या गल्लीत जाऊन कोणालाही विचारावं. उजवा गाल साठीच्या बाईचा असावा तसा, रापलेला, सुरकुतलेला. डावा मात्र नितळ. आधार कार्डाचा फोटो काढणाऱ्या पोराने तीन वेळा सांगितलं, काकू सरळ पाहा, आणि तिन्ही वेळा काकूंनी त्याला डावीच बाजू दिली. शेवटी त्याने हात टेकले. त्या कार्डावर काकू रस्त्याने कोण चाललंय ते बघताहेत असं वाटतं.

काकूंची पिठाची चक्की होती. नवऱ्यामागे तीस वर्षं त्यांनी ती एकटीने चालवली. दारावर पत्र्याची पाटी होती, 'येथे ज्वारी, गहू, मिरची, हळद व चेहऱ्याचे पीठ दळून मिळेल.' चेहऱ्याचं पीठ म्हणजे उटणं. पॅक, स्क्रब वगैरे शब्द मागाहून मोबाइलमधून आले, पण काकूंच्या लेखी ते सगळं पीठच. ज्वारीचं पोटात जातं, हे गालावर जातं, एवढाच फरक.

आणि त्यांचा एक नियम होता. चक्कीतून निघालेलं कुठलंही उटणं आधी त्यांच्या डाव्या गालाला लागायचं. ताकात कालवायचं, थापायचं आणि भिंतीवरच्या घड्याळात पंधरा मिनिटं मोजायची. चुरचुरलं नाही, खाजलं नाही, तरच पिशवी गिऱ्हाइकाच्या हातात. लग्नसराईत दिवसाला सहा-सात उटणी व्हायची, म्हणजे काकू सकाळपासून दिवेलागणीपर्यंत अर्ध्या पिवळ्याच असायच्या. तशाच बाजारात जायच्या, तशाच बँकेत. कोणी हसलं तर म्हणायच्या, "डावा गाल गिऱ्हाइकाचा, उजवा माहा. माह्यावर हासाचं असन तं इकून हास."

माझी आणि त्यांची गाठ पडली ती खोलीपायी. माझं गाव अमडापूरच्या पुढे. एका खाजगी लॅबमध्ये रक्त काढायची नोकरी लागली आणि मी बुलडाण्यात खोली शोधू लागले. दोन दिवसांत पाच घरं पाहिली. सगळीकडे आधी नाव विचारलं, मग गाव विचारलं, मग पूर्ण आडनाव विचारलं आणि मग त्यांना एकदम आठवलं की पुढच्या महिन्यात त्यांचा भाचा राहायला येणार आहे. पाच घरांचे पाच भाचे. सहाव्या दारात एक बाई अर्ध्या पिवळ्या तोंडाने बसली होती. तिने नाव विचारलं नाही की आडनाव. म्हणाली, "घरी ज्वारी खाता का गहू?"

"ज्वारी."

"मंग तुले बेसनाची गरज हाय. खोली मांगं हाय. पाय धुऊन ये."

मला खोली मिळाली की उटणं मिळालं, ते कळेना. दोन्ही मिळालं होतं. त्या खोलीत मी चार वर्षं राहिले आणि मला त्याचा अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला आश्चर्य वाटायला नको.

ज्वारी आणि बेसनाची भानगड मला हळूहळू उलगडली. काकूंचा सिद्धांत असा होता की माणसाच्या पोटात जे धान्य जात नाही ते त्याचा गाल मागतो. ज्वारी खाणाऱ्याला बेसन, गहू खाणाऱ्याला मसूर आणि सणासुदीलाच भात खाणाऱ्याला तांदळाचं पीठ. त्यामुळे त्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतच नसत, त्याच्या डब्यात बघत. डब्यावरून त्यांना घरातल्या प्रत्येक बाईचा चेहरा कळायचा. या सिद्धांताला काही आधार होता का? मला नाही वाटत. पण तीस वर्षं बाया येत होत्या, आणि ज्या येत होत्या त्या पोरीबाळींना घेऊन येत होत्या.

मी लॅबमधली, मला राहवायचं नाही. एकदा म्हटलं, "काकू, हे काही शास्त्र नाही."

"तू लोकायचं रगत घेते, तवा सुई पहिले तुह्या हाताले टोचून पाह्यते का?"

"नाही."

"मंग गप बस. मी पाह्यतो टोचून." आमच्याकडे जुन्या बाया स्वतःलाही 'पाह्यतो, जातो'च म्हणतात, काकू त्यातल्याच.

स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामध्ये त्यांनी भिंतच ठेवली नव्हती. जवसाची चटणी करायला बसल्या की मूठभर जवस बाजूला पडायचा. तो पाण्यात उकळून, गरम असतानाच फडक्यातून पिळून त्याचा बुळबुळीत रस काढायच्या आणि माझ्या केसांना लावायच्या. माझे केस म्हणजे केरसुणी. त्या रसाने ते असे बसायचे की लॅबमधल्या मॅडम मला विचारायच्या, कुठल्या पार्लरला जाते. मी चक्कीवर जाते म्हटलं तर त्यांना चेष्टा वाटायची. वरणावर पिळलेल्या लिंबाची साल काकू टाकत नसत. तिच्यावर चिमूटभर साखर घालून कोपरं घासायची, तीही धुणं झाल्यावर आणि ऊन उतरल्यावर. साय कधी पोळीला लागायची, कधी ओठांना. मेथ्या भिजत घातलेल्या दिसल्या की त्या भाजीत जाणार की डोक्यात, याचा अंदाज बांधता यायचा नाही. एकदा मी भुकेच्या भरात वाटीतलं दही-बेसन खाऊन टाकलं. मला ते पिठल्याची तयारी वाटलं होतं. काकू म्हणाल्या, "अंदरून गोमटी होशीन."

मोबाइलवाल्या पोरींशी मात्र त्यांचं जमायचं नाही. एक पोरगी व्हिडिओ दाखवत आली. त्यात कोणी बाई लिंबाचा रस, खायचा सोडा आणि दात घासायची पेस्ट कालवून गालाला लावत होती. काकूंनी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा पाहिला. मग म्हणाल्या, "लिंबू वरनात पिय, सोडा भज्यात टाक अन् पेस्टनं दात घास. सगयं जागच्या जागी छान हाय. गालानं काय घोडं मारलं तुहं?"

दुसऱ्या एका बाईची गोष्ट मला जास्त लक्षात आहे. ती आपल्या पोरीला दंडाला धरून घेऊन आली होती. पोरगी सतरा-अठराची, सावळी, मान खाली. बाई म्हणाली, पाहायला येणार आहेत, पंधरा दिवसांत गोरी व्हायला पाहिजे, काय लागेल ते दळा. काकूंनी चक्की बंद केली. चालू चक्कीत त्या ओरडून बोलायच्या, पण हे त्यांना ओरडून बोलायचं नव्हतं. म्हणाल्या, "बाई, दयून पांढरी होते थे ज्वारी. पोरगी नाही होत." मग पोरीची हनुवटी वर केली. "तुहं कातडं कोरडं पडलं फक्त. मसूर अन् साय लावजो. उजळ नाही होनार, पन फुटनारबी नाही." ती पोरगी पहिल्यांदा हसली. मी तिच्याच रंगाची. त्या दिवशी मला काकूंच्या पाया पडावंसं वाटलं होतं, पण त्या दळायला लागल्या आणि राहून गेलं.

नवरदेवही यायचे, पण चोरून. गव्हाच्या डब्यात तळाशी पुडी लपवून मसूर आणायचे आणि कानाशी येऊन सांगायचे, "काकू, थ्या खालचं जरा येगयं." सगळ्या गल्लीची उणीदुणी चव्हाट्यावर मांडणारी ही बाई अशा वेळी मौनव्रत घ्यायची. गहू दळायची, पुडी दळायची, डब्याच्या तळाशी जशीच्या तशी ठेवायची. फक्त डावा गाल लपवता यायचा नाही. रांगेतली एखादी विचारायची, "काकू, आज उटनं कोनाचं?" काकू म्हणायच्या, "माहंच. मले नवरा पाह्याचा हाय." त्यावर रांग हसायची आणि नवरदेव सुटायचा.

आता जी गोष्ट सांगायची तिच्यासाठी चक्कीची रचना समजून घ्यावी लागेल. दळण दोन ठिकाणी व्हायचं. ज्वारी-गहू दगडाच्या चक्कीत, आणि मिरची, हळद, मसाला हे पलीकडच्या लोखंडी मशीनमध्ये. उटण्यात हळकुंड असतं, वाळलेली संत्र्याची साल असते, म्हणून उटणंही त्या मशीनमध्येच. म्हणजे ज्या तोंडातून तिखट निघतं त्याच तोंडातून नवरीचं उटणं. वर्षाचं तिखट उन्हाळ्यात करतात आणि लग्नंही उन्हाळ्यातच असतात. म्हणून मिरचीनंतर उटणं घ्यायचं तर काकू मशीनची जाळी पूर्ण बाहेर काढायच्या, ब्रशने घासायच्या, दोन मुठी तांदळाच्या कण्या दळून फेकून द्यायच्या आणि मगच हळकुंडाला हात लावायच्या. वीस मिनिटांचं काम. ते त्यांनी कधी पाच मिनिटांत केलं नाही. तीस वर्षांत त्यांच्या उटण्याने कोणाचा चेहरा चुरचुरला नव्हता, आणि हे त्या स्वतः सांगायच्या नाहीत. गाव सांगायचं.

तो रविवार होता. दगडाच्या चक्कीचा पट्टा आदल्या दिवशी तुटला होता, तो आणायला काकू सकाळीच चिखलीला गेल्या. मला सुट्टी. चार वर्षांत मी मशीन चालवायला शिकले होते, हौस म्हणूनच. काकू जाताना म्हणाल्या, "देऊळघाटचं उटनं काढून ठेवजो. आज हयद हाय त्यायच्या घरी, बारा वाजता जीप येइन. मिरची घेऊ नोको."

मी मिरची घेतली. साखरखेर्ड्याहून एक म्हातारी तीन किलो मिरची घेऊन आली होती, तिची परतीची गाडी साडेअकराची, आणि ती सारखी "बाई, एवढं करून दे वं" म्हणत होती. मला नाही म्हणवलं नाही. मिरची दळून होईपर्यंत सव्वाअकरा होऊन गेले. बाराला लाइन, म्हणजे वीज, जायची, हे रोजचं, आणि पाच किलो उटण्यालाच अर्धा तास लागणार होता. जाळी काढायला, घासायला वेळ नव्हता. मी ब्रश आतून फिरवला, एक मूठ कण्या टाकल्या, हात नाकाशी नेला. वास आला नाही. येणार कसा? तीन किलो मिरचीने माझं नाक केव्हाच मेलं होतं. शिंकून शिंकून डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी मनात म्हटलं, झालं साफ. देऊळघाटचं हळकुंड, साल, मसूर, सगळं घातलं. बाराला पाच कमी असताना शेवटची मूठ पडली.

काकू पट्टा खांद्यावर टाकून आल्या आणि त्यांच्या मागोमाग जीप आली. जीपमधून नवरीची आत्या उतरली. जाड काठाची साडी, हातात पाकीट, बोलणं मोठ्या घरचं. मागच्या सीटवर नवरी बसली होती, बांगड्या भरायला शहरात आलेली, दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवे. पट्टा आल्याचं कळलं म्हणून गल्लीतल्या चार-पाच बायाही आपापले दळणाचे डबे घेऊन ओसरीवर जमल्या. तेवढ्यात लाइन गेली.

काकूंनी नेहमीप्रमाणे उटणं ताकात कालवून डाव्या गालाला लावलं. आत्या म्हणाली, "काकू, उशीर होऊन राह्यला. द्या तशीच पिशवी."

"पंधरा मिनिटं."

तिसऱ्या मिनिटाला काकूंचा डावा डोळा मिटला. चौथ्याला त्यांनी ओठ आवळले. मला कळलं. काकू उठल्या, माठाजवळ जाऊन तोंड धुतलं आणि वळल्या तेव्हा तो नितळ गाल कानापर्यंत लालबुंद झाला होता.

"मिरची लागली याले," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "चूक माह्या चक्कीची हाय. हे उटनं मी देत नाही."

आत्याचा आवाज चढला. घरी दोनशे माणूस जमलंय, चार वाजता हळद आहे, आता उटणं आणायचं कुठून? मग थोडं नरमाईने म्हणाली, "थोडीशी चुनचुन होईन. पोरी सहन करतात. द्या."

"तुमच्या पोरीचं तोंड हाय. उद्या हजार लोक पाह्यतीन," काकू म्हणाल्या आणि ती पाच किलोची पिशवी त्यांनी सगळ्यांसमोर मोरीत उलटी केली.

मी खांबाला धरून उभी होते. मी केलं, हे दोन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. आज लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

काकूंना मात्र शरम, रडणं, खुलासे यासाठी वेळ नव्हता. लाइन दोनशिवाय येणार नव्हती. कोपऱ्यात धान्याच्या पोत्यांखाली हाताचं जातं होतं, ते त्यांनी ओढून काढलं आणि ओसरीवरच्या बायांना विचारलं, "कोनाच्या डब्यात काय हाय?" एकीकडे हरभऱ्याची डाळ होती. तिने वाटीभर काढून दिली. दुसरीने तांदूळ दिला. तिसरीकडे ज्वारीच होती, तिने पदर खोचला आणि जात्याशी बसली. मसूर कोणाकडेच नव्हता. माझ्या खोलीत होता, परवाच आणलेला. मी धावत जाऊन डबाच आणला. हळद काकूंच्या स्वतःच्या घरातली, गच्चीवर वाळलेली संत्र्याची साल त्यांचीच. पाळीपाळीने दळलं, ओढणीच्या कापडातून गाळलं. पाच किलो नाही झालं. नवरीपुरतं आणि पाच सवाष्णींपुरतं झालं.

आणि मग अडलं. उटणं लावून बघायचं कोणी? काकूंच्या गालाला आता दूध लावलं असतं तरी आग झाली असती.

"माह्या गालाले आता काही समजनार नाही," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तू बस इथं."

मी पाटावर बसले. काकूंनी स्वतःच्या हाताने माझ्या डाव्या गालावर उटणं थापलं. आत्या पुढे झाली. "हे पोरगी कोनाची म्हनली?" तिने विचारलं. प्रश्न कोणाची याचा नव्हता, कोणातली याचा होता. तो मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलाय की झोपेतही ओळखीन.

"माही भाडेकरू हाय," काकू म्हणाल्या. "अन् आज माह्या गालाच्या जागी हाय."

पंधरा मिनिटं. सात-आठ बाया, जीपचा ड्रायव्हर, आणि जीपमधून वाकून बघणारी नवरी, सगळे माझ्या गालाकडे टक लावून बसले होते. माझ्या चेहऱ्याकडे एवढ्या माणसांनी एवढा वेळ कधी पाहिलं नव्हतं. उटणं वाळत असताना बोलायचं नाही, हसायचं नाही, असा काकूंचा दंडक होता. मी पुतळ्यासारखी बसले. पाच मिनिटं झाली. सहा झाली. गाल थंड होता. ही माणसं माझ्या चेहऱ्यावर भरवसा टाकून बसली आहेत, आणि या चेहऱ्यामागे काय आहे ते त्यांना माहीत नाही. दहाव्या मिनिटाला मला ते असह्य झालं.

"मिरची मी दयली होती," मी म्हटलं, आणि वाळलेलं उटणं गालावर तडकलं. "काकू नोको म्हनल्या होत्या. म्या घेतली. जायीबी नाही काढली. चूक काकूची नाही."

मग आत्या बोलली, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. "मंग इच्याच गालावर आमी काऊन भरवसा ठेवाचा?"

काकूंचा गाल सुजायला लागला होता, शब्द वाकडे येत होते. तरी त्यांनी सावकाश सांगितलं, "लपवली असती तं कोनाले कयलं असतं? नाही लपवली. म्हनून ठेवाचा."

घड्याळात पंधरा मिनिटं झाली. काकूंनी ओल्या फडक्याने माझा गाल पुसला, उजेडाकडे वळवला आणि बाजूला सरकल्या, सगळ्यांना दिसावं म्हणून. जीपचं दार वाजलं. नवरी उतरली. हिरव्या बांगड्या किणकिणत ती माझ्यासमोर आली, वाकली आणि बोटाच्या पाठीने माझा गाल चाचपला. "आग होते का?" तिने हळूच विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. तिने आत्याकडे बघितलं नाही, कोणाकडेच बघितलं नाही, काकूंच्या हातातली उटण्याची पुडी उचलली आणि जीपमध्ये जाऊन बसली. आत्याला मागोमाग जावं लागलं. जाता जाता तिने पाकीट उघडलं, तर काकूंनी हातानेच नको म्हणून सांगितलं.

बाया डबे ठेवून घरी गेल्या. मी काकूंच्या गालावर दही लावत होते आणि रडत होते. "तुमाले आधी माहीत होतं का?" मी विचारलं.

"तुह्या हाताले मिरचीचा वास येऊन राह्यला होता. मी आल्या आल्या समजलो. वाटलं, जायी काढली असन."

"मंग सगयाईसमोर तुमची चूक काऊन म्हनल्या?"

"चक्की कोनाची हाय?" त्या म्हणाल्या. "पाटीवर तुहं नाव हाय का?" पाटीवर त्यांचंही नाव नव्हतं, पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

दोन वाजता लाइन आली. काकू आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. बाहेर एक मिरचीवाली येऊन बसली होती, आणि तिच्यामागे अमडापूरची एक बाई, सुनेच्या बाळंतपणानंतरच्या उटण्याचं सामान घेऊन. मी दारात जाऊन म्हटलं, "काकू, आज राहू देऊ का? उद्या बोलावते त्यायले."

"मिरची दय. मंग उटनं दय," आतून आवाज आला.

मी मिरची दळली. मग जाळीचे चारही नट काढले, जाळी अंगणात नेऊन उन्हात धरली आणि एकेक भोक दिसेपर्यंत घासली. कण्या दळल्या, फेकल्या, पुन्हा दळल्या. नाकावर भरवसा ठेवला नाही, कण्यांचं पीठ जिभेवर ठेवून पाहिलं. अमडापूरची बाई कंटाळून दोनदा उठली आणि दोनदा बसली. मग उटणं काढलं, वाटीत ताक घालून कालवलं आणि ती वाटी घेऊन मी काकूंच्या उशाशी गेले.

"काकू, झालं. मी माह्या गालाले लावून पाहू का?"

काकूंनी डोळे उघडले नाहीत. "जायी काढली?"

"काढली."

"मंग काऊन पाह्यते? दे तिले."

मी बाहेर आले आणि पुडी त्या बाईच्या हातावर ठेवली. तीस वर्षांत पहिल्यांदा त्या चक्कीतून उटणं कोणाच्याही गालाला न लागता बाहेर गेलं, आणि ते मी दळलं होतं.